नथीचा भाव सांगताना

(मंडळाच्या महिला विभागाच्या चैत्रातील हळदीकुंकू मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)

पन्ह्याच्या आशेने पुरुष मंडळीही मागच्या रांगेत थांबली आहेत.

आम्ही पाच जणी मिळून मोत्याचे दागिने करतो आणि विकतो. त्यामुळे समोर एकच उभी असली तरी सांगणे पाचांचे आहे, असे समजून ऐका. आम्हाला विषय दिला आहे ‘घरच्या घरी हस्तकलेचे दागिने : एक छोटा व्यवसाय’. त्यातले ‘घरच्या घरी’ हे दोन शब्द आम्ही आजच्यापुरते बाजूला ठेवणार आहोत. त्या शब्दांशीच आमचे निम्मे भांडण आहे. घरच्या घरी केले म्हटले की ऐकणारी मनातल्या मनात हिशेब करते : जागा घरची, दिवा घरचा, हात घरचे, मग या नथीला पाचशे रुपये कशाचे?

हा प्रश्न परकी माणसे क्वचित विचारतात. तो आपलीच माणसे विचारतात, आणि तो विचारताना त्यांचा हात आपल्या पाठीवर असतो.

याला आपला इतिहासही थोडा कारण आहे. आपल्या आजोबा-पणजोबांपैकी बरेच जण मराठवाड्यातून शिकायला, वकिलीला, शाळेत नाहीतर सरकारी कचेरीत नोकरीला म्हणून हैदराबादला आले. १९५६ मध्ये मराठवाडा या राज्यातून गेला, आणि आपण काचीगुडा, सुलतान बाजार, बडी चावडी धरून इथेच राहिलो. पगार, पेन्शन, ग्रंथालय, गणपती, नाटक हे सगळे आपल्याला येते. गल्ल्यावर बसून ‘इतके झाले’ असे म्हणणे मात्र आपल्या घरांत कोणी शिकवले नाही. ते दुसऱ्यांनी करायचे. आपण बेगम बाजारात जाऊन घासाघीस करायची, एवढाच आपला व्यापाराशी संबंध. म्हणून आम्हाला वाटते की दागिने करायला शिकणे ही या धंद्यातली सोपी बाजू आहे. तीन-चार महिन्यांत हात बसतो. भाव सांगताना आवाज न चाचरणे, याला जास्त दिवस लागतात.

आता मोतीच का, ते सांगतो.

या शहराला समुद्र नाही. इथे मोती कधी पिकला नाही. तरी मोत्यांचे शहर म्हणून जगाला हैदराबाद माहीत आहे, ते इथल्या हातांमुळे. मोती निवडणे, त्याचे आकार-रंग जुळवणे, त्याला भोक पाडणे, सर ओवणे ही कामे इथे पिढ्यान् पिढ्या होत आली. निजामांच्या काळात इराणच्या आखातातला, ज्याला आपण बसऱ्याचा म्हणतो तो मोती इथे येई. निजामांचे दागिने भारत सरकारने १९९५ मध्ये २१८ कोटी रुपयांना घेतले. सालारजंग संग्रहालयात ते प्रदर्शनाला आले तेव्हा आपल्यापैकी पुष्कळ जणी रांग लावून पाहून आल्या असतील. त्यातला तो मोत्यांचा सतलडा आठवा. हिऱ्यांपुढे माणसे थबकत होती हे खरे, पण आम्हा ओवणाऱ्यांची नजर त्या सात सरांवर जाते. इतके मोती एकमेकांशी जुळवायला कोणाची तरी किती वर्षे गेली असतील!

तो नैसर्गिक मोती आज तुमच्या-आमच्या हातात येत नाही. जपानमध्ये मिकिमोतो यांनी १८९३ मध्ये शिंपल्यात माणसाच्या हाताने मोती वाढवून दाखवला, आणि पुढच्या तीस-चाळीस वर्षांत आखातातला मोत्यांचा व्यापार बसला. आज पत्थरगट्टीच्या दुकानांतून जे सर टांगलेले दिसतात त्यांतले बहुतेक चीनमधल्या तळ्यांत, गोड्या पाण्यातल्या शिंपल्यांत वाढवलेले असतात. यात कमीपणा काही नाही. तो मोतीच आहे, शिंपल्यानेच केलेला. माणसाने फक्त सुरुवात करून दिलेली असते. खोटा म्हणजे काचेच्या नाहीतर प्लॅस्टिकच्या मण्यावर चकाकीचा लेप दिलेला.

हा फरक आम्ही इतका सविस्तर सांगतो, कारण आमच्या मते धंद्याची पहिली पायरी हीच आहे. आपण काय विकतो ते आपल्याला नेमके माहीत हवे, आणि ते गिऱ्हाइकाने विचारायच्या आधी सांगता आले पाहिजे. आमच्या प्रत्येक डबीत हाताने लिहिलेले एक कार्ड असते. त्यावर लिहिलेले असते : मोती गोड्या पाण्यातला, संवर्धित. तार पितळेची, सोन्याचे पाणी दिलेली. लाल-हिरवे खडे काचेचे. काचमोत्याचा दागिना असेल तर ‘काचमोती’ असेच लिहितो. सुरुवातीला आमच्यातल्याच एकीला वाटले होते की ‘काच’ हा शब्द वाचून कोण घेईल? घेतात. मुलीच्या शाळेतल्या लावणीसाठी नथ हवी असते, तिथे काचमोतीच बरा. पण जिने काचमोती समजून दीडशे रुपये दिले आणि जिने खरा मोती समजून पाचशे दिले, त्या दोघी मंगळागौरीला शेजारी बसणार असतात, हे विसरून चालत नाही. आपला समाज या शहरात एवढासा. इथे फसवणूक लपत नाही, आणि खरेपणाही लपत नाही.

दाताची परीक्षा तुम्हाला माहीत असेल. मोती पुढच्या दाताच्या कडेवर हलकेच घासला तर खरा किंचित खरखरतो, काच गुळगुळीत लागते. संवर्धितही खरखरतोच, म्हणजे या परीक्षेने फक्त खरे-खोटे कळते, नैसर्गिक की वाढवलेला ते कळत नाही. पत्थरगट्टीतला दुकानदार ‘आपा, दाँत पे लगा के देखो’ म्हणत सर पुढे करतो तेव्हा तो खोटे बोलत नसतो. फक्त अर्धेच सांगत असतो.

माल घ्यायला जाताना आम्ही सकाळी जातो. दुकानातल्या दिव्याखाली सगळेच मोती गोरे दिसतात, म्हणून सर दाराशी आणून उजेडात, पांढऱ्या रुमालावर ठेवून पाहतो. रुमालावर सर लोळवला की जो मोती गोल नाही तो डोलताना दिसतो. आणि सर हातात घेऊन भोके पाहतो. भोक तिरके असेल किंवा त्याच्या कडेचा पापुद्रा उडालेला असेल, तर तो मोती नथीत बसवताना तारेचा पीळ आवळताच तडकतो. चाळीस रुपये स्वस्त मिळालेला सर असा घरी येऊन महाग पडतो.

नथीचे काम तुम्ही पाहिले असेल. मधे मोठा मोती, त्याच्या भोवती लहान मोती, मधेमधे लाल आणि हिरवा खडा, आणि सगळे एका बारीक तारेवर गुंफलेले. तार २६ किंवा २८ गेजची घेतो. त्याहून जाड घेतली तर मोत्यातून जात नाही, बारीक घेतली तर नथ लोंबते आणि तिचा आकडाच जातो. नाक टोचलेले नसते अशा मुलींसाठी चापाची नथ लागते, आणि आज दहा नथींतल्या आठ चापाच्याच जातात. आजींना ते पटत नाही. पण चापाच्या नथीने नथ घालणाऱ्या मुली वाढल्या, हेही खरे आहे. चाप मात्र स्वतःच्या नाकाला लावून अर्धा तास घरात वावरल्याशिवाय विकू नये. नाक लाल करणारी नथ ज्या मुलीने एकदा घातली ती पुन्हा नथीच्या वाटेला जात नाही.

तन्मणी, चिंचपेटी, कुड्या ही कामे त्यानंतरची. तन्मण्याला रेशीम लागते, प्रत्येक मोत्यामागे गाठ लागते, आणि ती गाठ मोत्याला घट्ट भिडवणे ही पटवेकऱ्यांची विद्या. जुन्या शहरात ती जाणणारे हात अजून आहेत. त्यांच्याकडे आम्ही समोर बसून शिकलो, आणि शिकवणीचे पैसे दिले. फोनवरच्या चित्रफितींत गाठ दिसते, पण बोटाचा ताण दिसत नाही.

सोन्याच्या वाटेला आम्ही मुद्दाम गेलो नाही. सोन्यात भांडवल अडकते, चोरीची भीती घरात येते, आणि नियमही आहेत. १ एप्रिल २०२३ पासून सोन्याच्या दागिन्यावर हॉलमार्कबरोबर सहा अक्षर-अंकांची एचयूआयडी खूण असल्याशिवाय तो दुकानात विकता येत नाही. दोन ग्रॅमच्या आतल्या वस्तूंना यातून सूट आहे, त्यामुळे छोटी नथ त्यात बसू शकते. पण छोट्या व्यवसायाने पितळ आणि चांदीवर हात बसवावा, असे आमचे मत आहे. कानात जाणारी तार मात्र आम्ही चांदीचीच वापरतो. स्वस्त मिश्रधातूत निकेल असते आणि त्याने पुष्कळ जणींचे कान चिघळतात.

आता ज्यासाठी तुम्ही थांबला आहात तो हिशेब.

एक चापाची नथ धरा. नऊ मोती साठ रुपयांचे. खडे वीस. तार आणि चाप पस्तीस. डबी आणि कार्ड वीस. झाले १३५. हे सगळ्या जणी मांडतात, आणि इथेच थांबून म्हणतात, चला, दोनशेला देऊन टाकू, पासष्ट सुटले. यात तिचा दीड तास कुठे आहे? आमच्या वहीत पुढची ओळ तासाची असते. तासाला ८० रुपये, दीड तासाचे १२०. म्हणजे २५५. मग जाणे-येणे, दिवा, तडकलेले मोती, वाकडी झालेली तार यांचे २५. झाले २८०. त्यावर व्यवसायाचे म्हणून ७०, कारण पुढच्या महिन्याचा माल त्यातूनच यायचा आहे. ३५० झाले. ही आमच्या हातातून वस्तू सुटण्याची किंमत. पण दुकानात ठेवायला दिली तर दुकानदार त्याच्या शंभरातले तीस घेणार, म्हणून फळीवरचा भाव ५००. त्यातले १५० त्याचे, ३५० आमचे. प्रदर्शनात आपल्या टेबलावरही ती ५००लाच विकायची. ‘आमच्याकडून थेट घ्या, साडेतीनशेला देतो’ असे एकदा जरी म्हटले तरी दुकानदार पुन्हा माल ठेवून घेत नाही, आणि तसे करण्यात तो चूक नाही. शिवाय टेबलाचे भाडे आणि तिथे उभे राहण्याचा दिवस त्या दीडशेतूनच निघतो.

हे आकडे उदाहरणादाखल घ्या, मोत्याचा भाव हलत असतो. ओळी मात्र तुमच्या वहीत याच ठेवा, त्यातली तासाची ओळ तर खोडूच नका.

तासाला ८० हा दर ठरला त्या दुपारची चर्चा आम्ही अजून विसरलो नाही. पाच जणींत चार पदवीधर, एक निवृत्त शिक्षिका. तरी ‘एवढे?’ हा प्रश्न पहिल्यांदा आमच्यातच आला. बाहेर कोणी विचारायच्या आधी. मुलाच्या शिकवणीला तासाचे किती देतो, गाडी धुणाऱ्याला किती देतो, हे सगळ्यांना तोंडपाठ होते. स्वतःच्या तासाला मात्र कोणाचा आकडाच नव्हता. अर्धा तास शांतता होती. मग शिक्षिकाबाईंनी वहीत ८० लिहिले आणि खाली सगळ्यांच्या सह्या घेतल्या. पुढे तो दर आम्ही दोनदा वाढवला, सह्यांनिशी.

पैशांची वाटणीही तासांवरच होते, पाच सारखे भाग करून नाही. हे कोरडे वाटेल. पण मैत्रिणी-मैत्रिणींनी सुरू केलेली कितीतरी कामे मोडतात ती तोट्याने नव्हे. एकीला वाटते मी जास्त करते, दुसरीला वाटते मला कमी लेखतात, आणि बोलत कोणीच नाही. वहीत तास लिहिलेले असले की मनात धरायला जागा उरत नाही. आमच्यातल्या एकीचे डोळे दोन वर्षांपूर्वी बारीक कामाला नको म्हणू लागले. ती आता पेटीवर आणि प्रदर्शनात असते, फोन घेते, हिशेब लिहिते. तिचा तासही ८०चाच होता आणि दर वाढला तेव्हा तिचाही वाढला. ओवणारीचा तास भारी आणि विकणारीचा हलका, असे आम्ही मानत नाही. एका घरी मुलीच्या इंजिनिअरिंगची निम्मी फी या वहीतून जाते. ते घर कोणते ते विचारू नका, पण आम्ही ८०चे ६० करा म्हटले तर कोणाच्या पोटाला चिमटा बसतो ते आम्हा पाचांना माहीत आहे. भाव सांगताना आवाज खाली येऊ लागला की आम्ही ती फी आठवतो.

मग नातेवाइकांचे काय? सख्खी नणंद येते, मावससासू येते. ‘आम्हालासुद्धा पाचशेच का गं?’ आम्ही यावर असा नियम ठेवला आहे : सवलत कोणालाच नाही, भेट मात्र देता येते. भाचीच्या लग्नात नथ द्यायची असेल तर जिला द्यायची तिने वहीत पूर्ण भाव लिहून आपल्या तासांतून तो वळता करायचा. भेट ही भेट राहते, तिची किंमतही कळते, आणि बाकीच्या चौघींच्या कष्टांतून ती जात नाही. उधारी नाही. ऑर्डरला निम्मे पैसे आधी. हे सगळे हसून सांगता येते. ‘वहिनी, वहीला विचारावे लागेल’ असे म्हटले की वहिनी हसतात आणि पाचशे काढतात. नाहीच काढले तर चहा पिऊन जातात, नाते कुठे जात नाही. आमचा अनुभव असा, की आपल्या माणसांनी भाव मान्य करायला एक वर्ष घेतले. त्यानंतर तेच लोक दुसऱ्यांना आणायला लागले, आणि घासाघीस करणाऱ्या पाहुणीला परस्पर सांगायलाही लागले की इथे तसे चालत नाही.

नव्या दागिन्यांइतकेच काम जुने दागिने पुन्हा गाठवून देण्यात आहे, आणि याकडे नव्याने सुरू करणाऱ्यांचे लक्ष जात नाही. आपल्या घरांतून पन्नास-साठ वर्षांपूर्वीचे तन्मणी, मोत्याच्या बांगड्या कपाटात पडून आहेत. रेशीम कुजते, सर तुटतो, मग डबीत सुटे मोती. हे काम बारा महिने येते, त्याला माल लागत नाही, फक्त हात लागतो. पण जोखीम इथेच सगळ्यांत मोठी आहे. एका आजींनी तन्मणी आणला. सासूबाईंचा, बसऱ्याचाच म्हणून घरात सांगत आलेले. ‘बघून सांगा, बसऱ्याचे आहेत ना?’ डोळ्यांनी हे कोणीही सांगू शकत नाही, आम्ही तर नाहीच. मोती नैसर्गिक की वाढवलेला हे प्रयोगशाळेत, क्ष-किरणांत त्याचे पोट पाहिल्यावर कळते. आजींनी तपासून घेतला. काही सर नैसर्गिक निघाले, दोन सर संवर्धित. मधल्या पन्नास वर्षांत कधीतरी, कोणीतरी, कोणत्यातरी कारणाने ते बदलले होते. ज्यांच्याकडे तो पूर्वी गाठवला होता ते आता नाहीत, ज्यांनी तो नेला-आणला त्याही नाहीत. त्या घरात आठ दिवस कोणी कोणाशी धड बोलले नाही. आजी मात्र म्हणाल्या, आहे तसाच गाठवा, मला सुनेला द्यायचा आहे, आणि कागदही सोबत देणार आहे.

आमच्याकडे दुरुस्तीला आलेल्या दागिन्याचे मोती देणाऱ्यासमोर मोजायचे, वजन करायचे, फोटो काढायचा आणि पावतीवर दोघांच्या सह्या घ्यायच्या, ही पद्धत पहिल्यापासून आहे. त्या दिवसानंतर तिच्यावर कोणी ‘एवढा काय अविश्वास’ असे म्हणाले नाही. परत देतानाही पुन्हा मोजून देतो. एखादा मोती तुटका निघाला तर तोही पुडीत बांधून देतो. आणि ‘याचे किती येतील हो?’ याला आमचे एकच उत्तर आहे : आम्ही गाठवतो, किंमत करत नाही.

आता वर्षाचे चक्र सांगतो, कारण भांडवल त्यावर फिरते. आपला हंगाम श्रावणात उघडतो. मंगळागौरीच्या नथी, आणि त्याच महिन्यात आपल्या तेलुगू शेजारणींचे वरलक्ष्मी व्रत. कलशावरच्या देवीच्या मुखाला लागणारे छोटे हार, छोटे कर्णफूल यांच्या ऑर्डरी त्यांच्याकडून येतात. त्या घासाघीस आपल्यापेक्षा कमी करतात, हे इथे नमूद करून ठेवतो. मग महालक्ष्म्या. पुण्या-मुंबईकडे गौरी म्हणतात, आपण मराठवाड्याच्या चालीने महालक्ष्म्याच म्हणतो. ज्येष्ठा-कनिष्ठांच्या मुखवट्यांना नथ करणे हे आमचे सर्वांत आवडते काम आहे आणि सर्वांत चिकट. दोन घरांच्या मुखवट्यांची नाके सारखी नसतात. कुणाच्या मुखवट्याला नाकात भोक असते, कुणाच्या नसते, मग चाप की मेण ते ठरवावे लागते. म्हणून मुखवट्याचा समोरून आणि बाजूने फोटो, आणि नाकाचे माप दोऱ्याने घेऊन पाठवा, असे आम्ही सांगतो. दोघींची नथ तंतोतंत सारखी लागते. एकीचा मोती उजळ झाला तर घरातली सगळ्यांत लहान मुलगीसुद्धा ते ओळखते.

गणपती झाले की पितृपक्ष. पंधरा दिवस कोणी काही घेत नाही. नवख्यांना त्या पंधरा दिवसांत वाटते, धंदा बसला. तो बसलेला नसतो, नवरात्र-दिवाळीचा माल करायला तेवढाच निवांत वेळ असतो. दिवाळीनंतर लग्ने, आणि मग संक्रांत. संक्रांतीला आम्ही मोती बाजूला ठेवून हलव्याचे दागिने करतो. नव्या नवरीचा हलव्याचा हार, बाजूबंद, बाळाच्या बोरन्हाणाचा मुकुट. आपल्या आज्या हे करतच होत्या. शेगडीवर परातीत पाक थेंबथेंब घालत, बोटांनी फिरवत हलव्याला काटा आणणे ही कारागिरीच होती, फक्त तिचे कोणी पैसे दिले नाहीत. आज हलवा तयार मिळतो, ओवण्याचे काम आपले. इथल्या दमट दिवसांत हलवा पाझरतो, म्हणून आठ दिवसांपेक्षा आधी ओवत नाही, आणि डब्याखाली पाण्याची परात ठेवतो, मुंग्यांसाठी. याच्या ऑर्डरी परदेशातूनही विचारतात. आम्ही अजून पाठवलेल्या नाहीत, वाटेत त्याचे काय होईल याची खात्री नाही.

कागदपत्रांचे थोडक्यात सांगतो. उद्यम नोंदणी ऑनलाइन होते, आधारवर होते, आणि फुकट असते. तिचे पैसे मागणाऱ्याला दारातूनच नमस्कार करा. व्यवसायाचे बँक खाते वेगळे काढा, घरखर्चाच्या खात्यात हे पैसे मिसळले की ते दिसेनासे होतात. दागिन्यांवर जीएसटी तीन टक्के आहे, पण नोंदणी कधी लागते ते उलाढालीवर आणि माल दुसऱ्या राज्यात जातो का यावर ठरते. तेव्हा पुण्याच्या मावशीला पार्सल करण्याआधी एकदा सीएंना विचारा. कर्ज हवेच असेल तर मुद्रा योजनेत शिशु गटात ५० हजारांपर्यंत मिळते. आम्ही कर्ज घेतले नाही. पाच जणींनी प्रत्येकी चार हजार घातले आणि पहिले सहा महिने कोणी काही उचलले नाही. ज्यांना सहा महिने थांबणे शक्य नाही त्यांनी दुरुस्तीच्या कामापासून सुरुवात करावी, तिथे पहिल्या आठवड्यात पैसे दिसतात.

नक्षीबद्दल एक सांगायचे राहिले. मोठ्या पेढ्यांचे फोटो घेऊन गिऱ्हाईक येते, ‘हुबेहूब हेच करा’. आम्ही हुबेहूब करत नाही. पण आपल्या कुणाच्या घरी आजीची जुनी नथ असेल, तिचा आकडा वेगळा असेल, तर घेऊन या. मोडायला किंवा विकायला नको, फक्त दाखवायला. आम्ही तिचे माप, मोत्यांची संख्या, पिळाची पद्धत वहीत उतरवून घेऊ आणि तुमच्या परवानगीनेच तशी करू. आतापर्यंत अशा अकरा नथी उतरवल्या आहेत. त्यातल्या दोन तर अशा, की तार कुठून सुरू होते हेच आम्हाला चार दिवस उमगले नव्हते.

शिकायचे असेल त्यांनी शनिवारी दुपारी तीनला मंडळाच्या वरच्या खोलीत यावे. येताना जवळचा चष्मा, पांढरा रुमाल आणि एक दोनशेपानी वही आणा. पक्कड, तार आणि सरावाचे काचमोती आमच्याकडे आहेत. शिकवणीला पैसे लागतील, किती ते खाली फलकावर लिहिले आहे. महालक्ष्म्यांच्या नथींच्या ऑर्डरी नारळी पौर्णिमेपर्यंतच घेतो, त्यानंतर सख्ख्या नणंदेलाही नाही. आणि पन्हे झाले असेल तर मागच्या रांगेला आधी द्या, फार वेळ थांबले आहेत.